मान उचलून दाखवा, बाबा
परिचर्येचे तत्त्वज्ञान आणि जाणण्याच्या वाटा
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कापसाच्या आणि गिरणीच्या या गावात देशभरचे अभ्यासक येऊन राहिले, वेदान्तावर चर्चा झडल्या, तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे काय होते आणि ते कळणे खरे कशावरून मानायचे, हे प्रश्न तिथे गांभीर्याने विचारले गेले. याच मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले आणि मुले त्यांना गुरुजी म्हणू लागली. वसतिगृहातला मुलगा आजारी पडला की साने गुरुजी त्याच्या उशाशी बसत, त्याचे कपडे धूत, त्याची खोली झाडत. एकाच गावात, एकाच काळात, ज्ञानाचा विचार आणि आजाऱ्याची शुश्रूषा शेजारी शेजारी चालू होती. साने गुरुजींच्या आयुष्यात तर त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या.

या दोन गोष्टींचे नाते हाच आजच्या व्याख्यानाचा विषय. परिचारिका जे करते त्याला सेवा म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती आदराची आहे. पण आदराच्या या शब्दामागे एक गोष्ट झाकली जाते. परिचारिकेला पुष्कळ काही कळत असते. ते कळणे स्वतंत्र आहे, त्याच्या स्वतःच्या वाटा आहेत, आणि डॉक्टरांच्या ज्ञानातून उरलेला तुकडा म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक आहे. आज बाजू मांडायची आहे ती या कळण्याची.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ‘माझे परिचर्येचे तत्त्वज्ञान’ असा निबंध लिहायला सांगतात. बहुतेक वह्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा येतो, उदात्त व्यवसाय येतो, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा येते. यात खोटे काही नाही, पण एकाची वही दुसऱ्याच्या नावावर खपून जाईल इतके सारे सारखे असते. तत्त्वज्ञान आपले स्वतःचे व्हायचे असेल तर त्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: समोरच्या खाटेवरच्या माणसाबद्दल मला काय माहीत आहे, आणि ते मला कसे कळले?

हा प्रश्न नीट मांडला तो बार्बरा कार्पर या अमेरिकन परिचारिका-अध्यापिकेने. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखात परिचर्येतल्या ज्ञानाचे चार प्रकार सांगितले आहेत: शास्त्राचे ज्ञान, कलेचे ज्ञान, नीतीचे ज्ञान आणि व्यक्तिगत ज्ञान, म्हणजे स्वतःला ओळखून दुसऱ्याला भेटण्यातून येणारे ज्ञान. पुढे जिल व्हाइट यांनी १९९५ मध्ये समाज आणि सत्ता यांच्या जाणिवेची भर घातली. लेख परदेशातला असला तरी त्याची परीक्षा खानदेशातल्या वॉर्डात घेता येते, आणि ती तिथेच घ्यायला हवी.

शास्त्र: मान, घाम आणि बोटाला लावलेले यंत्र

कापसाच्या मुलखात कीटकनाशक घराघरांत असते. फवारताना अंगावर उडते, आणि रागाच्या किंवा निराशेच्या भरात पोटातही जाते. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या विषाने तोंडाला फेस येतो, छाती घरघरते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू होते. छाती कोरडी पडते, नाडी वाढते, रुग्ण डोळे उघडतो. नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात.

नेमका इथेच धोका सुरू होतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि कराल्लिएड्डे या डॉक्टरांनी १९८७ साली अशा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. विष घेतल्यानंतर साधारण एक ते चार दिवसांत, पहिला झटका ओसरल्यावर, काही रुग्णांची मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वेळेवर कळले तर व्हेंटिलेटरने जीव वाचतो. कळायचे कसे? पहिल्या खुणांपैकी एक फार साधी आहे: रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. म्हणून तिसऱ्या रात्री खाटेशी थांबून ‘बाबा, मान उचलून दाखवा’ म्हणणारी परिचारिका एक शास्त्रीय चाचणी करत असते. या चाचणीला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, पण ती कधी आणि का करायची हे माहीत असावे लागते.

आता त्यात जळगावचा मे महिना मिळवा. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वॉर्डातला पंखा गरम वारा फेकतो. अ‍ॅट्रोपिनने घाम थांबतो. घाम थांबला की अंग निवण्याची मुख्य सोय बंद होते आणि ताप भराभर चढू शकतो. रुग्ण बडबडू लागतो, चादर चिमटीत धरून ओढतो, सलाईन उपटतो. हा भ्रम विषाचा, औषध जास्त झाल्याचा की उष्म्याचा? हा प्रश्न परदेशी पुस्तकातल्या थंड वॉर्डात इतक्या तीव्रतेने पडत नाही. काखेत हात घालून कोरडेपणा पाहणारी, टीपीआर चार्टवर तासातासाचे तापमान मांडणारी, ओल्या कापडाने अंग पुसून घेणारी आणि डॉक्टरांना वेळेवर उठवणारी सिस्टर इथे पुस्तकातले शास्त्र खानदेशाच्या हवेत लागू करते.

शास्त्राच्या ज्ञानात यंत्राच्या मर्यादाही येतात. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की गडद कातडीच्या रुग्णांत हे यंत्र रक्तातला प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता अधिक असते. उन्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या या प्रदेशात ही बाब प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असायला हवी. आकडा ९४ म्हणतो, पण बोलताना वाक्य तुटते, नाकपुड्या फुलतात, ओठ आणि जीभ निळसर दिसतात. अशा वेळी आकड्यावर थांबायचे नसते.

कला: केईएमचा चार नंबरचा वॉर्ड

कार्पर ज्याला कलेचे ज्ञान म्हणते ते हळुवार बोलणे किंवा हसरा चेहरा एवढ्यावर संपत नाही. समोरचा एकच एक माणूस त्याच्या वेगळेपणासकट ओळखणे आणि त्याच्याजोगी कृती जागच्या जागी घडवणे, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले.

अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर अत्याचार झाला, गळा आवळला गेला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. मधली एकेचाळीस वर्षे तिला सांभाळले ते केईएमच्या चार नंबरच्या वॉर्डातल्या परिचारिकांनी. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि अरुणाच्या सवयी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिल्या.

तिच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. त्यात रुग्णालयाने आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी नोंदल्या आहेत. खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते. आवडीचे खाणे मिळाले की चेहऱ्यावर कळते. गरज लागली की ती आवाज करते आणि परिचारिकांना त्याचा अर्थ कळतो. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला एकही बेडसोर झाला नाही, याचीही नोंद आहे. ज्याने कधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेतली आहे त्याला या एका वाक्याचे वजन समजेल. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ, माकडहाड आणि टाचा पाहणे, ओल कोरडी करणे, चादरीची सुरकुती काढणे, आणि हे दिवस-रात्र, सणावाराला, एकेचाळीस वर्षे.

तिच्या आवाजांचा अर्थ कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो शेजारी राहून, चुकत-सुधारत शिकलेला होता. आणि या जाणण्याला न्यायालयानेही मान दिला. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या याचिकाकर्तीचा की केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या बाजूने कौल दिला. रोजच्या शुश्रूषेतून आलेले ज्ञान कायद्याच्या दरबारात पुरावा म्हणून उभे राहिले. परिचर्येच्या प्रत्येक वर्गात हा निकाल शिकवावा अशी त्याची योग्यता आहे.

अनुभवी परिचारिकेला ‘काहीतरी बिनसले आहे’ असे वाटते त्याचाही विचार इथेच करायला हवा. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात नवशिकी परिचारिका निष्णात कशी होते याचे पाच टप्पे मांडले. निष्णात परिचारिका नियम एकेक करून लावत नाही, तिला चित्र एकदम दिसते. ही केवळ भावना समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय रुग्णालयांना होती. पण ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात खालावणाऱ्या रुग्णाकडे धावून जाणारी आपत्कालीन पथके सुरू झाली तेव्हा पथकाला बोलावण्याच्या निकषांत नाडी आणि रक्तदाब यांच्या जोडीला ‘कर्मचाऱ्याला काळजी वाटते’ हाही निकष आला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या काळजीची नऊ लक्षणे वेगळी काढली: श्वासातला बदल, अंगाची उष्णता, तळमळ, वेदना, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणे, रुग्णाने स्वतःच ‘बरे वाटत नाही’ म्हणणे इत्यादी. जळगावची सिस्टर रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरांना ‘सर, आकडे ठीक आहेत पण पेशंट मला बरा दिसत नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या मागे आता हे सगळे काम उभे आहे.

अंदाज चुकतोही, हे मान्य करायला हवे. थकव्याने चुकतो, पूर्वग्रहाने चुकतो, वीस वर्षांच्या चुकीच्या सवयीनेही चुकतो. म्हणून काळजी वाटली की तपासायचे, मोजायचे आणि लिहायचे. कलेचे ज्ञान आणि शास्त्राचे ज्ञान यांनी एकमेकांची परीक्षा घ्यायची असते.

स्वतःला ओळखणे: धुळ्याच्या तुरुंगातला एक विचार

व्यक्तिगत ज्ञानाची बाजू समजून घ्यायला धुळ्याकडेच वळावे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. त्या प्रवचनांत विनोबांनी कर्माला ‘विकर्मा’ची जोड हवी असे सांगितले. हाताने केलेले बाहेरचे काम ते कर्म. त्यात मन ओतणे, चित्ताची त्याला साथ असणे, ते विकर्म. दोन्ही एक झाली की कर्माचा भार उरत नाही, आणि त्या अवस्थेला त्यांनी अकर्म म्हटले.

परिचर्येसाठी हा विचार फार उपयोगाचा आहे, कारण परिचर्येचे जवळजवळ सारे काम हाताचे आणि पुन्हा पुन्हा करण्याचे असते. ड्रेसिंग, स्पंजिंग, बेडपॅन, सलाईन, इंजेक्शन, नोंद. हात सरावाने चालतात आणि मन दुसरीकडे जाते. मन हजर असेल तर तेच स्पंजिंग तपासणी होते: पाठीवरचा लाल डाग दिसतो, पोटरीची सूज हाताला लागते, कुशीवर वळवताना रुग्ण कुठे कण्हला ते कळते. चित्त जागे असण्याचा थेट उपयोग असा ज्ञानासाठी होतो.

मन हजर ठेवायचे तर मनात काय भरले आहे तेही पाहावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि पश्चिमेला साक्री, इथून भिल्ल आणि पावरा समाजातले सिकलसेलचे रुग्ण धुळे-जळगावच्या रुग्णालयांत येतात. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. बाहेरून काही दिसत नाही. जखम नसते, प्लास्टर नसते, पुष्कळदा तापही नसतो. तरुण मुलगा दर काही महिन्यांनी येतो आणि दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन मागतो. ‘हा सारखा येतो, याला इंजेक्शनची सवय लागली आहे’ हे वाक्य भारतातच नव्हे, अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांतही सिकलसेलच्या रुग्णांनी ऐकले आहे.

१९६८ साली मार्गो मॅककॅफरी या परिचारिकेने वेदनेची व्याख्या केली आणि ती पुढे जगभर मान्य झाली. तिचा आशय असा की वेदना किती आहे हे ज्याला ती होते तोच सांगू शकतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा उपचाराचा आरंभ. मुलाच्या बोलीवरून, कपड्यांवरून, पाड्याच्या नावावरून आपण त्याच्यावर कमी विश्वास ठेवतो का, हा प्रश्न परिचारिकेने स्वतःला विचारायचा असतो. त्याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळत नाही. ते स्वतःला ओळखण्यातून मिळते, आणि ते मिळाले नाही तर पाणी, ऊब, ऑक्सिजन, वेदनाशामक औषध, हायड्रॉक्सियुरिया ही सारी शास्त्रीय साधने उशिरा पोहोचतात.

बोलीचा प्रश्नही इथेच येतो. खानदेशातली आजी ‘आंग दुखस’ म्हणते आणि केसपेपरवर ‘बॉडीएक’ एवढेच उतरते. त्या अंगदुखीत छातीतली कळ असू शकते. ‘काय व्हयनं, आजी?’ असे तिच्या बोलीत विचारले की ती हात छातीवर ठेवून दाखवते. अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, पावरी या बोली येणारी परिचारिका वॉर्डात असणे हा रुग्णाच्या सुरक्षेचा भाग आहे.

नीती: ज्याने विष घेतले त्याच्याशी कसे वागायचे

पुन्हा त्या विष घेतलेल्या बाबांकडे येऊ. त्यांच्या केसपेपरवर ‘एमएलसी’चा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा, शिक्का आहे. पोलीस जबाब घ्यायला आले आहेत. मुलगा रागात आहे, सून कोपऱ्यात रडते आहे, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कुजबुजत आहेत. नळी घालताना एखाद्याच्या तोंडून ‘घ्यायचेच होते तर आम्हाला कशाला त्रास’ निघून जाते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे ११५ वे कलम सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, आणि तिला उपचार, काळजी व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य. कायदा इथवर आला, पण त्या रात्री खाटेशी कायदा उभा नसतो, परिचारिका उभी असते. बाबांना पडदा लावून द्यायचा का, जबाबाच्या वेळी रुग्ण थकला आहे हे ठामपणे सांगायचे का, पहाटे ते जागे झाल्यावर काय बोलायचे, हे निर्णय तिचे. ‘वाचलात, बरे झाले’ हे तीन शब्द कोणत्याही औषधाच्या यादीत नाहीत. नीतीचे ज्ञान म्हणजे संहितेतले नियम पाठ असणे एवढेच नाही. या क्षणी या माणसाच्या बाजूने काय करणे योग्य, हे कळणे आणि ते करण्याचे धैर्य असणे, दोन्ही त्यात येते.

महाराष्ट्राला या धैर्याचा वारसा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांच्या शुश्रूषेला उतरल्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातल्या मुलाला उचलणे ही त्या काळात वैद्यकीय कृतीइतकीच नैतिक कृती होती.

समाज: आठ दिवस न सापडलेली आजी

एक घटना जळगावने विसरू नये. जून २०२० मध्ये करोनावर उपचार घेण्यासाठी शासकीय रुग्णालयात दाखल झालेली ८२ वर्षांची आजी बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. साऱ्या देशात बातमी गेली.

तिची नोंद होती. वय, पत्ता, तपासणीचा अहवाल, वॉर्ड, सारे कागदावर होते. एक म्हातारी बाई शौचाला गेली आणि परत आली नाही, हे कोणाला कळले नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांवर सारा दोष टाकून हा विषय मिटवता येणार नाही. त्या दिवसांत पीपीई किटच्या आत गुदमरत, घरी लहान मुले सोडून, थोड्या हातांनी वॉर्ड चालवले गेले, आणि देशभरात अनेक परिचारिकांनी प्राण गमावले. पण या घटनेचा धडा ज्ञानाचा आहे. रुग्णाची नोंद असणे आणि रुग्ण माहीत असणे यात अंतर असते, आणि हे अंतर भरून काढायला माणसे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असे आहे. एकटी सिस्टर चाळीस खाटांची रात्रपाळी करते तेव्हा तिच्याकडून चारही वाटांनी जाणण्याची अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे. तिला सेवाभावाचे धडे देण्याआधी पदे भरली पाहिजेत.

परिचारिकेला आणखी एक गोष्ट दिसत असते: वॉर्डात कोण पोहोचत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे गावात होते, पण कोणी विचारले नव्हते म्हणून शास्त्राला ते माहीत नव्हते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर ते काम आशाताई आणि उपकेंद्राच्या नर्सबाईच नेतात. कोणत्या पाड्यावरचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो, कोणते कुटुंब उसाच्या तोडीला गेले आहे, कोणती सासू सुनेला तपासणीला पाठवत नाही, हे त्यांना माहीत असते. धोरण आखणाऱ्यांच्या बैठकीत या ज्ञानाला खुर्ची नसते. ती दिली पाहिजे.

ऐकून लिहून घेणे

एवढे ज्ञान वॉर्डात आणि पाड्यांवर आहे, तर ते साठते कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही. तीस वर्षे ड्यूटी केलेली इन्चार्ज सिस्टर निवृत्त होते, शाल आणि श्रीफळ मिळते, आणि तिला जे कळत होते ते तिच्याबरोबर घरी जाते.

खानदेशाला या बाबतीत मोठा धडा आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचत. त्या उतरून घेतल्या त्यांचा मुलगा सोपानदेव याने आणि आप्तांनी. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या ओव्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी लेखणी चालवली नसती तर विनोबांची प्रवचने त्या भिंतींतच राहिली असती. जाणणारा एक आणि जवळ बसून लिहून घेणारा दुसरा, अशा जोड्यांमुळे या मुलखाचे दोन अमोल ठेवे मराठीला मिळाले. परिचर्येच्या ज्ञानासाठीही अशा जोड्या जमवता येतील.

म्हणून या सभागृहातून तीन विनंत्या कराव्याशा वाटतात.

पहिली परिचर्या महाविद्यालयांना. ‘माझे तत्त्वज्ञान’ हा निबंध विद्यार्थ्याने ज्याची स्वतः शुश्रूषा केली अशा एका रुग्णावर लिहावा, मराठीत किंवा अहिराणीत लिहिला तरी चालावा. नाव-गाव लपवून त्याने सांगावे: मोजून काय कळले, शेजारी राहून काय कळले, स्वतःबद्दल काय कळले, कोणता निर्णय अवघड गेला, आणि या माणसाला इथवर पोहोचायला कशाने अडवले होते. प्रत्येक विद्यार्थ्याने निवृत्तीला आलेल्या एका सिस्टरजवळ बसून तिचे सांगणे लिहून घ्यावे.

दुसरी रुग्णालयांना. पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये नाडी, ताप, सलाईन यांच्याबरोबर प्रत्येक गंभीर रुग्णाबद्दल एक वाक्य असे असावे जे चार्टवर नाही: आजी रात्री एकटी उठते, बाबांना कमी ऐकू येते, मुलगा दुखणे लपवतो. आणि परिचारिकेने काळजी वाटते म्हणून बोलावले तर डॉक्टरांनी कारण न विचारता यावे, असा लेखी नियम असावा.

तिसरी आपणा सर्वांना, कारण आपल्यापैकी प्रत्येकजण केव्हातरी खाटेवर किंवा खाटेशेजारी असणार आहे. सिस्टरला आपल्या माणसाबद्दल सांगा. तो कसा झोपतो, काय खातो, कशाला घाबरतो, दुखले तरी गप्प राहतो का, हे तिला सांगितलेत तर तिचे काम अर्धे सोपे होते. आणि ती काही विचारायला थांबली तर तिला वेळ द्या, मान उचलून दाखवायला सांगितले तर दाखवा.